हळद्या आणि काळ्या डोक्याचा हळद्या: दोघांना वेगळं कसं ओळखायचं आणि त्यांची नोंद कशी करायची

झाडीतून काहीतरी पिवळंधमक गेलं, दोन सेकंद दिसलं आणि वहीत 'हळद्या' असं चढलं. नव्या पक्षीनिरीक्षकांच्या यादीत ही नोंद हटकून सापडते आणि बऱ्याचदा ती अर्धवट असते. महाराष्ट्रात आणि गोव्यात नेहमी दिसणारे हळद्या दोन आहेत. एक आपला साधा हळद्या, म्हणजे इंडियन गोल्डन ओरिओल, शास्त्रीय नाव ओरिओलस कुंडू. दुसरा काळ्या डोक्याचा हळद्या, म्हणजे ब्लॅक-हूडेड ओरिओल, ओरिओलस झँथॉर्नस. दोघेही साळुंकीएवढे, साधारण २५ सेंमी लांबीचे, दोघेही झाडाच्या शेंड्याला राहणारे, आणि एकाच उंबरावर एकाच सकाळी दोघे भेटू शकतात.

दुर्बिणीबद्दल एकच सांगतो. ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरेशी आहे. मोठ्या कॅमेऱ्याची घाई करू नका. हा पक्षी पानांआड इतका राहतो की लेन्स नेमकी करेपर्यंत पुढच्या झाडावर गेलेला असतो.

पायरी १: पिवळा रंग सोडा, गळा बघा

पुस्तकातलं चित्र बाजूने काढलेलं असतं. तुम्ही मात्र झाडाखाली उभे असता आणि वर बघत असता. तिथून पाठ दिसत नाही, पंखांवरची नक्षी नीट दिसत नाही; दिसतं ते पोट, शेपटीची खालची बाजू आणि गळा. म्हणून पहिला प्रश्न गळ्याचा.

गळा पिवळा असेल तर साधा हळद्या. गळा काळा असेल, आणि तो काळा रंग छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरला असेल, तर काळ्या डोक्याचा. नव्वद टक्के वेळा काम इथेच संपतं.

पक्षी खालच्या फांदीवर आला, तर चेहरा पाहून खात्री करून घ्या. साध्या हळद्याच्या नराचं डोकं पिवळंजर्द असतं आणि चोचीपासून डोळ्यातून मागे जाणारी एक काळी रेघ असते, काजळ डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर ओढावं तशी. ती डोळ्यापाशी थांबत नाही, थोडी पुढे जाते. हा तपशील लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत लागणार आहे. काळ्या डोक्याच्या हळद्याला रेघ वगैरे काही नाही. कपाळ, माथा, गाल, हनुवटी सगळं काळं. चोच दोघांचीही गुलाबी-लालसर आणि डोळे लाल, त्यामुळे चोचीवरून निकाल लावायला जाऊ नका.

पायरी २: मादी आणि पिल्लं

खरी गंमत इथे आहे, आणि चुकीच्या नोंदीही इथेच होतात.

काळ्या डोक्याच्या हळद्याची मादी जवळजवळ नरासारखीच असते. डोकं काळंच, फक्त पाठीच्या पिवळ्यात हिरवट झाक. पानांच्या सावलीत नर-मादी वेगळे करता येतील याची मी हमी देणार नाही. नोंदीत नर-मादी लिहिलं नाही तर कोणाचं काही बिघडत नाही.

साध्या हळद्याची मादी मात्र वेगळीच दिसते. वरून हिरवट-पिवळी, खालून फिकट, आणि छाती-पोटावर बारीक तपकिरी उभ्या रेघा. डोळ्याची पट्टी पुसट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा हळद्या आहे यावरच विश्वास बसत नाही. पण चोच तीच गुलाबी, बांधा तोच, आणि उडाली की शेपटीच्या बुडाशी पिवळा रंग चमकतो. वयाने मोठ्या झालेल्या काही माद्या बऱ्याच पिवळ्या होतात. तेव्हा पिवळा दिसला म्हणजे नरच, असंही धरून चालू नका.

आता पिल्लं. काळ्या डोक्याच्या हळद्याच्या घरटं सोडलेल्या पिल्लाचं डोकं पूर्ण काळं झालेलं नसतं. कपाळावर पिवळट छटा असते, डोळ्याभोवती पिवळं बारीक कडं असतं, गळा पांढुरका आणि त्यावर काळ्या रेघा, चोच काळपट. पहिल्या पायरीतली गळ्याची खूण याच पिल्लाला नेमकी लागू पडत नाही: गळा काळा नाही, मग साधा हळद्या, असं म्हणून मंडळी मोकळी होतात. अशा वेळी गळा सोडून माथा आणि गाल बघा. तिथे काळं जमायला लागलेलं असतं. रेघांचा भर गळ्यावर आणि छातीच्या वरच्या भागावर असतो. साध्या हळद्याच्या पिल्लाचं डोकं हिरवट, आईसारखं, आणि रेघा खाली पोटापर्यंत गेलेल्या.

इतकं करूनही ठरत नसेल, तर पाच मिनिटं थांबा. नुकतं उडायला लागलेलं पिल्लू भूक लागली की ओरडतं, आणि चारा घेऊन येणारे आई-बाप काय ते सांगून टाकतात.

पिवळा-काळा दिसणारा सुभग हा तिसरा घोळ. तो चिमणीएवढा असतो आणि पानांच्या टोकाशी किडे टिपत लटकतो. आकार एकदा मनात बसला की त्याची अडचण पुन्हा येत नाही. विणीच्या हंगामातला सुगरणीचा पिवळा नरही असाच, चिमणीएवढा आणि गवताळ भागातला.

पायरी ३: कानाने शोधा, डोळ्याने खात्री करा

हळद्या दिसण्याआधी ऐकू येतो. साध्या हळद्याची शीळ पाण्यातून निघाल्यासारखी घोळदार, 'पी-लो-लो'. काळ्या डोक्याच्या हळद्याचीही शीळच, पण बहुतेक वेळा आखूड, दोन-तीन तुकड्यांची, 'पी-हो' किंवा 'तू-यू-हो' अशी. शिवाय दोघेही मधूनच असा कर्कश, नाकातला आवाज काढतात की मांजर भांडतंय असं वाटावं. इतका गोड गळा आणि हा आवाज एकाच पक्ष्याचा, हे नव्याने शिकणाऱ्याला पटत नाही.

मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, ते वापरा. पण सुचवलेलं नाव म्हणजे नोंद नव्हे. सह्याद्रीत आणि कोकणात तर अधिकच जपून, कारण भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. ॲपला नक्कल कळेलच असं नाही.

आवाजाच्या दिशेने धावू नका. झाडाच्या बुंध्याशी किंवा शेजारच्या झाडाच्या सावलीत उभे राहा. हळद्या एका झाडावरून दुसऱ्यावर खाली-वर हेलकावे घेत जातो, आणि तो उघड्यावर येतो तो याच क्षणी.

पायरी ४: झाड आणि महिना निवडा

हळद्याच्या मागे फिरण्यापेक्षा त्याच्या झाडाखाली बसावं. फळं धरलेला उंबर, वड किंवा पिंपळ मिळाला की सकाळचा दीड तास तिथेच काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा, पळस आणि काटेसावर फुललेली असते. तेव्हा पानं गळालेली असल्याने वर्षातलं सगळ्यात सोपं दर्शन तेव्हाच होतं. पांगाऱ्यावरचा हळद्या बारकाईने बघण्यासारखा असतो. फुलोऱ्याच्या दांड्यावर बसून मान वाकवतो, चोच फुलात घालतो, एक फूल झालं की पुढचं, आणि मधेच शेजारच्या साळुंकीच्या अंगावर धावून जातो. किडे-अळ्याही खातो, केसाळ सुरवंटसुद्धा. घाणेरीची फळंही दोघांना चालतात.

महिना आणि ठिकाण यांनी अंदाज पक्का होतो. साधा हळद्या ऋतूप्रमाणे जागा बदलतो. उत्तर भारतात, पाकिस्तानात आणि थेट मध्य आशियातल्या उझबेकिस्तान-ताजिकिस्तानपर्यंत त्याची वीण होते, आणि त्यांतले बरेच पक्षी हिवाळ्यात द्वीपकल्पात उतरतात. काही इथेही घरटी करतात. म्हणून देशावर साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याची वर्दळ जास्त. विरळ झाडी, आमराया, शेताच्या बांधावरची मोठी झाडं, शहरातली जुनी बंगल्यांची आवारं त्याला चालतात.

काळ्या डोक्याचा हळद्या बहुतेक जागेवरच राहतो आणि त्याला दाट झाडी जास्त मानवते. कोकण, गोवा, सह्याद्रीचे उतार, मेळघाट, ताडोबा, नागझिरा ही त्याची ठिकाणं. मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दोघेही भेटतात. शिकायला त्याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. सोलापूर किंवा बीडकडच्या कोरड्या माळावर पिवळा पक्षी दिसला तर आधी साध्या हळद्याचा विचार करा. रत्नागिरीच्या परसात ऐन जूनमध्ये दिसला तर आधी काळ्या डोक्याच्या. हा फक्त पहिला अंदाज आहे. गळा बघायचा तो बघायचाच.

पायरी ५: डोळ्याची रेघ कुठे संपते?

साधा हळद्या म्हणून नोंदवण्याआधी ही एक तपासणी. हिवाळ्यात पश्चिम घाटात कधीमधी काळ्या मानेचा हळद्या, म्हणजे ब्लॅक-नेप्ड ओरिओल येतो. त्याची रेघ रुंद असते आणि दोन्ही बाजूंनी मागे जाऊन मानेवर जुळते. चोचही दणकट. पाठमोरा दिसला तर लगेच कळतो, समोरून फसवतो.

दुसरा आहे युरेशियन गोल्डन ओरिओल, युरोपात आणि पश्चिम आशियात वीण करून आफ्रिकेत हिवाळा काढणारा. वाटेत काही पक्षी गुजरात-राजस्थानकडे टेकतात. नराची काळी रेघ चोचीपासून डोळ्यापर्यंत येऊन थांबते. आपल्याची पुढे जाते. पंखांत पिवळा रंगही आपल्याच्या मानाने कमी.

या दोघांचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्यात आपला दख्खन आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडत होता. कामाच्या जोडीला त्याने इथले पक्षी जमवले, आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध करताना आपल्या हळद्याला 'ओरिओलस कुंडू' हे नाव दिलं. पुढे विसाव्या शतकाचा मोठा काळ तो युरेशियन हळद्याची फक्त एक उपजात मानला गेला. २००५ साली पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांनी दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर काम करताना त्याला पुन्हा स्वतंत्र जात मानलं, आणि आता जगभरच्या प्रमुख याद्यांत तो स्वतंत्रच आहे. जुन्या मराठी-इंग्रजी पुस्तकांत नुसतं 'गोल्डन ओरिओल' आणि ओरिओलस ओरिओलस छापलेलं दिसलं तर गोंधळू नका, तो आपलाच पक्षी आहे.

काळ्या डोक्याच्या हळद्याचं नाव त्याहून जुनं, लिनियसने १७५८ साली दिलेलं. त्याच्या अंदमानातल्या उपजातीचं वर्णन मात्र मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलाली यांनी १९७७ मध्ये केलं.

पायरी ६: 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे काय ते नीट वाचा

आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना; तिच्या लाल यादीत दोन्ही हळद्या 'लीस्ट कन्सर्न' गटात आहेत, म्हणजे नामशेष होण्याचा धोका सध्या कमी. हे वाचून 'चला, यांचं काही करायला नको' असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी ही पायरी जरा लांब करतो.

यादीतला शेरा संपूर्ण जगातल्या त्या जातीबद्दल असतो. त्यासाठी ठरलेल्या कसोट्या आहेत. 'असुरक्षित' म्हणजे व्हल्नरेबल गटात जायला ढोबळमानाने यांपैकी काहीतरी लागतं: दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत संख्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटणं, पसारा २०,००० चौरस किमीच्या आत येऊन सतत आक्रसत जाणं, किंवा प्रौढ पक्षी १०,००० पेक्षा कमी उरून तेही घटत राहणं. आपले दोघे यांतल्या कशातच बसत नाहीत. साधा हळद्या मध्य आशियापासून श्रीलंकेपर्यंत पसरलेला, काळ्या डोक्याचा भारत-श्रीलंकेपासून थेट बोर्निओपर्यंत. पसारा एवढा असला की तुमच्या तालुक्यातले सगळे हळद्या गेले तरी यादीतला शेरा जागचा हलणार नाही. तो बदलावा अशी अपेक्षाच चुकीची आहे, ते त्या यादीचं कामच नाही.

पसारा किती महत्त्वाचा, हे यांचाच एक भाईबंद दाखवतो. फिलिपीन्सच्या लुझोन बेटावरचा इझाबेला ओरिओल याच ओरिओलस गटातला. राहतो फक्त त्या एका बेटावरच्या सखल जंगलांत. ती जंगलं तुटत गेली आणि तो आज 'क्रिटिकली एंडेंजर्ड', म्हणजे शेवटच्या पायरीवर आहे. आणि म्हणूनच साध्या हळद्याला स्वतंत्र जात मानणं ही केवळ पुस्तकी उठाठेव ठरत नाही. जात वेगळी झाली की तिचा पसारा, तिची संख्या वेगळी मोजावी लागते. युरोपातल्या पक्ष्यांच्या आकड्यात आपले लपून राहत नाहीत.

ही यादी इंटरनेटवर शोधताना एक काळजी घ्या. नुसतं 'ओरिओल' टाकलं तर बाल्टिमोर ओरिओल वगैरे अमेरिकन पक्षीही समोर येतात. न्यू जर्सीतल्या परसात नारंगी ओरिओल पाहून तिकडची आपली मंडळी 'हळद्या दिसला' असा फोटो धाडतात, तो हाच. नाव सारखं, रंगही जवळचा, पण कूळ निराळं. त्याचं आपल्या हळद्यांशी जवळचं नातं नाही.

देशापुरती स्थिती पाहायची असेल तर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल उघडा. २०२३ च्या आवृत्तीत ९४२ जातींचा आढावा आहे आणि १७८ जातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य दिलेलं आहे. प्रत्येक जातीचा कल, म्हणजे संख्या वाढतेय की घटतेय, हे काढायला लागणारी माहिती तुमच्या-आमच्यासारख्यांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या याद्यांतून आलेली आहे. अर्धवट 'हळद्या' ही नोंद इथे जाऊन पोहोचते, म्हणून एवढा आटापिटा.

कायद्याचं थोडक्यात. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचं संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची फेरमांडणी केली. त्यामुळे जुन्या लेखांतले अनुसूचीचे क्रमांक जसेच्या तसे उतरवू नका. या कायद्यात 'शिकार' या शब्दात पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला धक्का लावणंही येतं. फोटोसाठी घरट्यासमोरची फांदी छाटणारे याचाही विचार करतील तर बरं.

पायरी ७: नोंद लिहा

ई-बर्डवर यादी भरताना जागा, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं आणि किती चाललात हे खरं लिहा. शेवटी ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत का, असं विचारलं जातं. कावळे-साळुंक्या गाळून फक्त हळद्या टाकला असेल तर 'नाही' म्हणा. सगळे टाकले असतील तरच 'हो'. कल काढायला पूर्ण याद्याच जास्त उपयोगी पडतात, कारण हळद्या कुठे *दिसला नाही* हेही त्यांतूनच कळतं. जात ठरली नसेल तर नुसतं 'ओरिओल' म्हणून नोंदवायची सोय आहे, ती बिनदिक्कत वापरा. शेरा लिहायचा तर असा: 'गळा पिवळा, डोळ्याची रेघ डोळ्यामागे गेलेली, उंबरावर, मादी सोबत.' 'सुंदर दर्शन' हा शेरा तपासणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

सुरुवात करायला पक्षी सप्ताह बरा, ५ ते १२ नोव्हेंबर. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. त्या दिवसांत साधा हळद्या देशावर आलेला असतो आणि काळ्या डोक्याचा आपल्या जागी असतोच.

मोबाइलवर शीळ वाजवून पक्षी बोलावू नका, विशेषतः एप्रिल ते ऑगस्टमध्ये. घरटं आडव्या दुबेळक्यात झोळीसारखं टांगलेलं असतं, सालीच्या पट्ट्या आणि कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं. आत दोन-तीन अंडी. पुष्कळदा त्याच किंवा शेजारच्या झाडावर कोतवालाचं घरटं असतं. कावळ्या-घारींना हुसकावण्यात कोतवाल पटाईत, त्याचा आयता फायदा हळद्याला मिळतो. खालून दुर्बिणीने दोन मिनिटं पाहा, ई-बर्डवर विणीचा कोड (घरटं, चारा नेणं अशी विणीची खूण नोंदवायची सोय) टाका, निघा. घरट्याचा फोटो आणि नेमकी जागा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका.

झाडं पडणार असतील तर नोंदी आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतात. शहरी भागात १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाला तोडण्याआधी जाहीर नोटीस द्यावी लागते, झाडावरही लावावी लागते, आणि नागरिकांना हरकत नोंदवता येते. २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा आहे. रस्ता रुंदीकरणात जाणारे वड-उंबर बहुतेक याच वयाचे असतात. हरकतीत 'इथे पक्षी येतात' एवढंच लिहिलं तर ते वाचून बाजूला पडतं. त्याच झाडाखालच्या तारीखवार याद्या जोडल्या, कोणत्या महिन्यात कोणते पक्षी फळांवर आले ते दाखवलं, घरटं असेल तर तेही लिहिलं, तर सुनावणीत निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

पावसाळ्यात मात्र बहुतेकांच्या दुर्बिणी कपाटात जातात आणि याद्या रोडावतात. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये देशावर साधा हळद्या दिसला, तोंडात चारा घेऊन जाताना दिसला, किंवा रेघाळ पिल्लू सोबत दिसलं, तर ती नोंद त्याच दिवशी टाका, शेऱ्यासकट.